सहकार सदनातले चार हॅमस्टर

१० फेब्रुवारी १९८६, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. पण नीट लिहायची, कारण आज कॉलेजात मोठी गोष्ट घडली आणि ती अर्धीच माझ्या वाट्याला आली.

प्राचार्यांच्या मेव्हण्यांनी पुण्याच्या एका लॅबमधून सीरियन हॅमस्टरची मादी पाठवली होती. उंदराहून मोठी, सोनेरी, शेपूट नावापुरतं. इथं तुळजापुरात आली आणि अठरा जानेवारीला व्याली. आठ पिल्लं. आता तीन आठवड्यांची झालीत. स्वतः करडई फोडून खातात, उरलेली गालाच्या पिशवीत भरून ठेवतात. आईपासून वेगळी करायची वेळ आली. मी बावीस वर्षं झूऑलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर. आठही माझ्याकडंच येणार, यात विचारायचं काय?

प्राचार्य म्हणाले, "चार रामकिसनराव सांभाळतील, चार ईरण्णा."

ईरण्णा बॉटनीचा डेमॉन्स्ट्रेटर. उमरग्याकडचा. वाटाण्याच्या रोपापलीकडं त्यानं काही वाढवलेलं नाही. मागच्या वर्षी कर्मचारी सोसायटीच्या चेअरमनकीलाही हाच आडवा आला. त्याला एकतीस मतं, मला तीन. मनात काही ठेवलेलं नाही. नुसती नोंद.

दोन एप्रिलला विद्यापीठाची कमिटी येणार. त्यांना पसंत पडलं तर कायमचं प्राणिगृह, आणि त्याला एक प्रमुख. प्रमुख कोण, हे लिहून शाई वाया घालवत नाही.

१२ फेब्रुवारी
ईरण्णानं पुण्याच्या लॅबला पत्र टाकलं. हे प्राणी कसे ठेवायचे म्हणून. म्हणजे आपल्याला येत नाही, हे तिकीट लावून कळवणं. मी कोणाला विचारणार नाही. लायब्ररीतून घरउंदरांवरचं पुस्तक काढलं. एका बिळात आजी, आई, मावशी सगळ्या सुखानं नांदतात असं स्पष्ट दिलंय. उंदीर तो उंदीर. सीरियाचा असला म्हणून काय झालं?

१६ फेब्रुवारी, रविवार
महांतप्पा सुताराकडून घर करून घेतलं. काचसामानाच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या. चार खोल्या, मधोमध सामाईक स्वयंपाकघर, दारावर पाटी: सहकार सदन. जिल्ह्यात दूध, सूत, साखर सगळं सहकारावर चाललंय, तर चार हॅमस्टर का नाही चालणार?

महांतप्पा म्हणाला, "सर, हे कुरतडणारं जनावर दिसतंय. आतून पत्रा मारू का?" मी म्हटलं, ज्याला घर आवडतं तो घर कुरतडत नाही. त्यानं पत्र्याची कात्री पिशवीत टाकली. पटलं असावं.

येताना सहज ईरण्णाच्या लॅबमध्ये डोकावलो. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे आडवे करून तोंडाला बारीक जाळी बसवत होता. पत्र्याच्या धारा हातोडीनं आत वळवत होता, कुणाचा पाय कापू नये म्हणून. डबे मोजले. आठ. पिल्लं चार. बॉटनीवाल्यांचं गणित.

२० फेब्रुवारी
पुण्याचं उत्तर आलं. ईरण्णा मला वाचून दाखवायला आला. चौथ्या आठवड्यात नर आणि मादी वेगळे करा. सातव्या-आठव्या आठवड्याच्या आत प्रत्येकाला स्वतंत्र घर द्या. वयात आलेला हॅमस्टर दुसऱ्याला घरात सहन करत नाही, सख्ख्या भावालाही नाही. म्हटलं, ठेवा टेबलावर. पत्रावर प्रति श्री. ईरण्णा असं टाईप केलेलं होतं. श्री.

मग म्हणतो, "सर, तुमच्यातले नर-मादी बघून देऊ का?"

बावीस वर्षं झूऑलॉजीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न. मी सांगितलं, चारही नर आहेत. पालथं करून बघायची गरज नाही, चालण्यातच कळतं.

पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. वाचायचा योग आला नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११
गृहप्रवेश. पिल्लांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन नंबर टाकले, एक ते चार. चार खोल्या असूनही चौघं एकाच खोलीत, एकमेकांच्या अंगावर पडून झोपले. याला म्हणतात एकोपा. पुण्याच्या लोकांनी हे बघितलं असतं तर पत्र परत मागितलं असतं.

प्राचार्य आले, दारातूनच "छान" म्हणाले आणि ईरण्णाकडं गेले. तिथं अकरा मिनिटं होते. मी घड्याळ बघत नव्हतो.

२७ फेब्रुवारी
आमचं क्वार्टर आणि ईरण्णाचं क्वार्टर यांच्यात एकच भिंत. त्यामुळं टँकरच्या रांगेत आमची मथुरा आणि त्याची शांतम्मा शेजारी उभ्या असतात. आज दोघी घागरी ठेवून सरळ त्याचे डबे बघायला गेल्या. मथुरा येऊन तासभर बोलत होती. प्रत्येकाला आपला डबा, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदाची गादी, एका कोपऱ्यात धान्य, एका कोपऱ्यात शी-शू. खिडकीला ओलं पोतं बांधलंय. ते पाणी भाऊजी आपल्या आंघोळीतून वाचवतात म्हणे.

भाऊजी. मला कधी कोणाच्या बायकोनं भाऊजी म्हटल्याचं आठवत नाही.

म्हणाली, "किती शांत झोपत्यात ती." मी म्हटलं, शांत नाहीत, एकटी आहेत. ती म्हणाली, "एकटं असणं वाईटच असतं असं न्हाय." आणि आत गेली. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

उद्यापासून मीही अर्ध्या बादलीत आंघोळ करणार.

२८ फेब्रुवारी
आज उकाडा फार होता. आंघोळीचा संकल्प एक तारखेपासून.

४ मार्च
सदनात चिरचिर आवाज. कुस्ती चालली होती. तरुण नर म्हटल्यावर व्यायाम हवाच.

आमचा लॅब अटेंडंट गोरोबा पुढच्या वर्षी रिटायर होतोय, त्यामुळं कोणालाही काहीही बोलतो. म्हणाला, "सर, ह्यांचं जमंना. तीन नंबर लई खवळतंय. बाकीची कोपरा धरून बसत्यात." मी म्हटलं, संस्था आली की मतभेद आले. उपाय म्हणून खाण्याच्या दोन ताटल्या ठेवल्या. तीन नंबरनं दोन्ही ताटल्यांतलं गालात भरून आपल्या खोलीत नेलं.

तीन नंबर आता सगळ्यांत मोठा आहे. पोटानं विशेष. नेतृत्वगुण.

९ मार्च, रविवार
एक नंबर सदनात नाही. कोपऱ्यातली फळी कुरतडून आरपार भोक पाडलंय. लाकूड हलकं निघालं. महांतप्पाला बोललं पाहिजे.

दुपारभर कपाटाखाली हात घालत फिरलो. शेवटी ईरण्णाच निरोप घेऊन आला. एक नंबर त्याच्या लॅबमध्ये, भिजवलेल्या हरभऱ्याच्या ताटात सापडला. मागच्या पायाला जखम होती, ती धुवून त्याला एका रिकाम्या डब्यात ठेवलंय. म्हणाला, "राहू द्या सर तिथंच. घाबरलंय. खाऊन झोपलंय आता."

म्हटलं, बघू.

११ मार्च
सगळ्या कॉलेजात एकच चर्चा: रामकिसन सरांचं जनावर पळून ईरण्णा सरांकडं गेलं. स्टाफरूममध्ये फिजिक्सवाले म्हणाले, "जनावरालाही कळतं हो." सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत शेवटपर्यंत मीच हसत होतो, ते बरं दिसलं नसावं.

लंचनंतर ईरण्णाकडं गेलो. स्वच्छ सांगितलं की एक नंबर माझ्या विभागाचा आहे, रजिस्टरला नोंद आहे, परत पाहिजे. त्यानं दोनदा सांगितलं, "सर, आता तीनही जण त्याला परका समजतील. वास बदलला असंल. पाहिजे तर डबा तुमच्या लॅबमध्ये न्या, पण त्याला डब्यातच ठेवा."

त्याचा डबा माझ्या लॅबमध्ये. आणि कमिटीनं विचारलं, हे कोणी केलं, तर?

ओंजळीत घेऊन आलो. ऊबदार होता. त्यानं माझं बोट हुंगलं, चावला नाही. सदनात सोडला. भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकून घेतला, आता पळायचा प्रश्न नाही.

१२ मार्च, सकाळी ८
एक नंबर गेला.

रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: उष्माघात. गोरोबा मागं उभा राहून वाचत होता. म्हणाला, "सर, ऊन लागून कान तुटत न्हाय."

आवारातल्या लिंबाखाली पुरला. गोरोबानं खड्डा केला. ईरण्णा आला, थोडा वेळ उभा राहिला, गेला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मथुराला सांगितलं नाही. तिला भिंतीपलीकडून आधीच कळलं होतं.

१७ मार्च
तीन नंबर व्याला.

व्याली. नऊ पिल्लं, लालभडक, डोळे मिटलेली.

आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं. ईरण्णाच्या चारांपैकी एकही व्याली नाही. प्रजननात माझा विभाग पुढं आहे. धावत जाऊन प्राचार्यांना बोलावलं. ते विचारत होते, "तुमचे चारही नर होते ना?" मी म्हटलं, निसर्गात अपवाद असतात.

ईरण्णा दारातूनच म्हणाला, "सर, दहा-बारा दिवस उघडून बघू नका तिला. आणि बाकीची दोन आजच बाहेर काढा."

माझ्या यशानं याच्या पोटात दुखतंय. दुपारी क्लार्क मंडळींना, मग बी.एस्सी.च्या वर्गाला, मग बँकेच्या मॅनेजरांना उघडून दाखवलं.

१८ मार्च
सकाळी मोजली, सात. काल मोजण्यात चूक झाली असणार.

दुपारी पाच.

चूक नव्हती. तीन नंबरच्या तोंडाकडं बघितलं आणि झाकण लावलं. वर चादर टाकली. गोरोबाला सांगितलं, दाराला कुलूप घाल आणि मलाही किल्ली देऊ नको. त्यानं दिली नाही.

१९ मार्च
किल्ली मागून घेतली, पण पिल्लांसाठी नाही. दोन नंबर आणि चार नंबर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकावर एक दबून बसले होते. गृहप्रवेशाच्या दिवशीही असेच झोपले होते, पण हे झोपणं नव्हतं. चार नंबरचा डोळा सुजून मिटलेला. तीन नंबर खोलीच्या दारात उभी. या दोघांना खायला यायचं तर तिच्यापुढून यायला लागत होतं.

वर्ग सुरू असताना, व्हरांड्यात कोणी नाही असं बघून, दोघांना दोन वेगळ्या पिशव्यांत घातलं आणि ईरण्णाकडं नेलं. वाटेत ठरवलं होतं की सांगायचं, माझ्याकडं रंगकाम आहे, दोन दिवस ठेवा.

त्यानं काही विचारलंच नाही. रंगकामाचं बोलायची वेळच आली नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार डबे ओळीनं तयार होते. कागदाच्या गाद्या घातलेल्या, पाण्याच्या वाट्या बसवलेल्या. एकात थोडी विस्कटलेली गादी होती. तो एक नंबरचा. बाकीचे तीन फेब्रुवारीपासून वाट बघत होते.

मी विचारलं, हे माझ्यासाठी केले होते का? ईरण्णा म्हणाला, "जनावरांसाठी केले होते सर. मोठी झाली की लागणारच होते."

चार नंबर डब्यात गेला, कागदाखाली शिरला आणि दिसेनासा झाला. दोन नंबरनं करडईचा एक दाणा घेतला. आधी इकडंतिकडं बघितलं. कोणी येत नाही अशी खात्री झाल्यावर तिथंच बसून फोडला.

एक नंबरही अशाच डब्यात खाऊन झोपला होता. मी त्याला उचलून आणलं. हे एकदा लिहून ठेवतो. पुन्हा लिहिणार नाही.

या माणसाबद्दल मला जे वाटतं ते कमी व्हायला हवं होतं. वाढलं.

२ एप्रिल
कमिटी आली. तीन सदस्य, एक बाई प्रोफेसर. ईरण्णाचे सहा डबे बघितले, एकेकापुढं वाकून. मग माझ्याकडं. सहकार सदनात तीन नंबर आणि तिची पाच पिल्लं. बाईंनी पाटी वाचली आणि विचारलं, "बाकीचे सभासद कुठं आहेत?"

मी काय बोलावं हे ठरवत होतो, तेवढ्यात मागून ईरण्णा म्हणाला, "मॅडम, रामकिसन सरांनी दोन जनावरं वेळेत वेगळी काढली म्हणून वाचली."

बाई माझ्याकडं बघून "गुड" म्हणाल्या.

सगळ्या दिवसात मला मिळालेला तो एकच चांगला शब्द, आणि तोही त्यानंच मिळवून दिला. घरी येऊन जेवलो नाही. मथुरानं कारण विचारलं. पित्त म्हणून सांगितलं.

४ एप्रिल
प्राणिगृह मंजूर. प्रमुख ईरण्णा. दोन विभागांत मिळून एकच नाव निघालं.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की भिंतीवर लावायला सूचनाफलक हवा, मजकूर तुम्ही करा, तीन नंबरची पिल्लं चार आठवड्यांची व्हायच्या आत लागला पाहिजे. ड्रॉवरमधून पुण्याचं पत्र काढलं. पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. एक पानाचं तर आहे.

मजकूर असा केला. एक, चौथ्या आठवड्यात नर आणि मादी वेगळे करावेत, खात्री हातात घेऊन करावी. दोन, सात आठवडे पूर्ण होण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र घर द्यावं. तीन, एकदा वेगळं केलेलं जनावर कोणत्याही कारणासाठी परत एकत्र सोडू नये.

प्राचार्यांनी पत्राशी ताडून बघितलं. विचारलं, तिसरं यात कुठं आहे? म्हटलं, यात नाही. पण ते खरं आहे.

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्याकडं दिली. मग म्हणाले, असू द्या, आणि खाली ईरण्णांचं नाव घाला.

घातलं. श्री. लावून.