बारीक दोरीची उशिरा दिलेली पोच

माकाहा,
रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय आँटी बर्निस यांना,

धाकट्या वेंडेलचा (एकसष्ट वर्षांचा झालो, पण तुमच्यापुढे धाकटाच) मनापासून अलोहा. गुडघे कसे आहेत? लास वेगासला लेकीकडे एसी आहे, लिफ्ट आहे, फक्त समुद्र नाही, याची आमच्या हिला, मोमीला, अजून हळहळ वाटते. मी तिला सांगतो, लेकीनं आँटींना बाथटब भरून द्यावा, त्या त्यातूनही काहीतरी ओढून काढतील. इकडे सगळे ठीक. नात कायला आता सोफ्याला धरून उभी राहते. पुढच्या महिन्यात तिच्या पहिल्या वाढदिवसाचा लुआऊ आहे, आणि बोलावलेले आणि न बोलावलेले मिळून सगळं माकाहा जेवायला येणार आहे.

तुम्ही पाठवलेली विणीची बारीक दोरी, तिच्या पुढे जोडायची पारदर्शक दोरी आणि हातानं बांधलेले गळ मिळाले. खरं तर केव्हाच मिळाले. पोच द्यायला एवढा उशीर का झाला ते सांगतो, रागावू नका (रागावलात तरी वेगासहून चप्पल पोचणार नाही, एवढाच मला धीर).

आमचे व्याही गिल्बर्ट तुम्हाला माहीतच आहेत. दोन इंजिनांची बोट, आणि बोलणं तिसऱ्या इंजिनासारखं. लुआऊच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "माशांचं माझ्यावर सोडा. वेंडेल, तू आपला खुर्च्या बघ." माझ्या तोंडून निघून गेलं की नातीच्या पानात पहिला मासा पडेल तो माझ्या कयाकवरचा. मोमीनं कपाळाला हात लावला. कयाक, एका माणसाची ती वल्ह्याची होडी, तुम्ही जाताना मला दिलीत, त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तिच्यावरून मी तोवर फक्त ऊन घरी आणलं होतं. आता नाक पणाला लागलं.

तुमची दोरी उलगडून पाहिली तर शिवणाच्या दोऱ्याएवढी. तीस पौंडी. पुढची पारदर्शक तर त्याहूनही कमी ताकदीची. मला अपमान वाटला. (फोनवर तुम्ही बजावलं होतं, "कयाकवर दोरी तुझ्याआधी तुटली पाहिजे." मला वाटलं, वयोमानानं उलटं बोलताय.) मी ती खणात टाकली आणि सरळ हिगांच्या गळ-दोरीच्या दुकानात गेलो. आता तुम्हीच आम्हाला शिकवलंत, कशाला निघालो ते तोंडानं म्हणायचं नाही, मासे ऐकतात. त्यामुळे खरेदी अशी झाली :

"काय वेंडेल, फिरायला?"

"हो, जरा फिरायला."

"कुणाला भेटायचंय?"

"भेटेल त्याला. मोठा भेटला तर बरं."

"मग ही न्या," असं म्हणून हिगांनी शंभर पौंडी दोरी काढून दिली. मी खडकावर पाय रोवून उभा राहणार, असं ते समजले. मी कयाकवर बसणार हे त्यांना कळलंय, असं मी समजलो. एकमेकांना विचारण्याचा निर्लज्जपणा दोघांपैकी एकानंही केला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा भेटला. कोण होता ते अजून ठाऊक नाही, त्यानं तोंड दाखवलं नाही. तुम्ही सांगितलं होतं, सगळं सामान कयाकला बांधून ठेव, म्हणून गळाची काठी बांधलेली. आणि दोरी सुटू नये म्हणून रिळाचा ताण मी पकडीनं आवळलेला. म्हणजे मासा दोरीला ओढत होता, दोरी काठीला, काठी कयाकला आणि कयाक मला. सुरीही बांधलेली होती, पण पाठीमागे, हात पोचणार नाही अशा जागी. कयाक उलटू नये म्हणून मी विरुद्ध बाजूला आडवा झालो आणि आडव्यानंच समुद्र बघत निघालो. वाटेत गिल्बर्टची बोट लागली. ते जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "वेंडेल, कुठं?" आता काय सांगणार? "फिरायला," म्हणालो आणि पुढं गेलो.

ते मागून आले. हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. जवळ येऊन सुरी दिली, मी दोरी कापली. परत ओढून आणताना त्यांनी एकच विचारलं, "दोरी किती पौंडी?" मी सांगितलं. त्यांनी छातीवर क्रॉस काढला.

घरी येऊन खण उघडला. आँटी, बोटं वळत नाहीत म्हणता आणि अशा गाठी बांधता? एक एक गाठ नखानं चाचपून पाहिली, एकही हलली नाही. पुढच्या खेपेस दोन मोठे लागले, दोन्ही वेळा पुढची दोरी पट्‌कन तुटली आणि मी कयाकवर ताठ बसलेलो. मासा गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. तिसरा सुटला नाही. हातभर लांबीचा उकु. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही, म्हणून साधंच लिहितो : तुमच्यामुळे मी घरी आलो.

मोमी आणि कायला यांचा तुम्हाला खूप अलोहा.

तुमचा,
वेंडेल

ता. क. कयाकवरचा पहिला मासा स्वतः ठेवायचा नसतो, ज्यानं शिकवलं त्याला द्यायचा. म्हणजे उकु तुमचा. फ्रीझरमध्ये तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय. पण त्यानंतर एकही लागलेला नाही. तेव्हा फोनवर एवढंच म्हणा की, तो कायलाला दे. माझं नाक वाचेल.

ता. क. २. मोमीनं वरचं वाचलं. म्हणाली, फोनवरून मासा देता येत नाही, हातानंच द्यावा लागतो. तेव्हा तुम्हीच या. गिल्बर्ट विमानतळावर न्यायला येतील. त्यांची खोली तळमजल्यावर आहे, ती तुम्हाला द्यायचं त्यांनीच आपणहून काढलं.

ता. क. ३. गुडघ्यांमुळे खरंच जमलं नाही तर संकोच करू नका. उकु तुमचाच राहील, त्याला कुणी हात लावणार नाही. कायलाच्या पानात गिल्बर्टचा मासा पडेल, आणि मी तो दोनदा मागून घेईन. पण तुम्ही गेल्यापासून किनाऱ्यावर मला कुणी ओरडत नाही, आँटी. या.