एवारिस्तोच्या कानात

प्रिय एवारिस्तो,

मोंतेविदेओहून एल्बियो लिहितोय. पत्र फाडणार असशील तर निदान शेवटचा परिच्छेद वाचून फाड.

आमच्याकडे पानगळ सुरू झालीय. माझी बायको नेलिदा गेल्यापासून मी रोज सकाळी चहासारखी प्यायची कडू येर्बाची पानं आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसतो. नदीपलीकडचा तुमचा अर्जेंटिनाचा काठ दिसत नाही, पण नजर तिकडेच जाते. शाळेत बाईंनी छडी आपटत एक कविता पाठ करून घेतली होती, ‘नदी रुंद झाली म्हणून काठ का परके होतात?’ आपल्या त्या फुटबॉल सामन्यात, पहिल्या दहा मिनिटांतच, तुझा शर्ट मुठीत धरून ती मी तुझ्या कानात म्हटली होती. तू म्हणालास, “मग तुझा काठ जरा लांब ने की रे! आणि आधी शर्ट सोड!” मी म्हटलं, “दुसरं कडवं ऐक, मग सोडतो.” तू हसलास. खरं सांगतो, त्या क्षणी वाटलं, हा आपल्या गल्लीत जन्मला असता तर माझा जिवलग झाला असता.

पण शर्ट सोडणं माझ्या हातात नव्हतं. आमचे प्रशिक्षक पेरेइरा सर, त्यांनी सामन्याआधी फळ्यावर उरुग्वेची बचावफळी काढली होती, चौघे एका रेषेत, त्यांच्या मागे एक मोकळा, सुटलेलं सगळं झाडून काढायला. मी विचारलं, “सर, माझी जागा?” ते म्हणाले, “तुला जागा नाही. एवारिस्तो असेल ती तुझी जागा. तो पाणी प्यायला गेला, तर तहान तुला लागली पाहिजे!” आम्हाला बरोबरी पुरेशी होती, तुम्हाला एक गोल हवा होता, आणि अर्जेंटिनात तो करू शकणारा माणूस एकच होता.

मध्यंतरात सरांनी मला नळापाशी ओढलं. तुझ्या गावाहून, रोसारियोहून, एका रेडिओवाल्याचा फोन आला होता. “त्याची आई पहाटे गेली. त्यांच्या लोकांनी सामना संपेपर्यंत लपवलंय. तू सांग त्याला.” मी म्हटलं, “सर, हे नको.” ते म्हणाले, “खोटं आहे का? नाही ना? मग कवितेपेक्षा बरंच की!”

एकाहत्तरावं मिनिट, तुमचा कॉर्नर. तुझा शर्ट माझ्या मुठीत होता. मी सांगितलं. तू मागे वळलास आणि एवढंच विचारलंस, “कधी?” चेंडू हवेत होता. मी उडी मारली आणि डोक्याने तो बाहेर घालवला. तू जागचा हललाही नव्हतास.

पुढची वीस मिनिटं तू नुसता चालत होतास आणि तुझेच लोक ओरडत होते, “पळ की मेल्या! पायांत शिसं भरलंय का?” तू कुणालाच काही सांगितलं नाहीस. तुमच्या वर्तमानपत्रांनी तुला भित्रा म्हटलं, संघात पुन्हा घेतलं नाही. मला इथे ‘सावली’ म्हणून खांद्यावर घेतलं. त्याच्या कानात काय पुटपुटत होतास, असं कुणी विचारलं की मी ती नदीची कविता म्हणून दाखवायचो, लोक टाळ्या द्यायचे. बावन्न वर्षं मनाला समजावलं की मी खोटं तर बोललो नाही. एवारिस्तो, खोटं असतं तर बरं झालं असतं. निदान संध्याकाळी तुला तुझी आई परत मिळाली असती.

आता का लिहितोय ते सांगतो. शुक्रवारी राष्ट्रीय संघाच्या नव्या बचावपटूंसमोर मला बोलायला बोलावलंय. प्रशिक्षक तरुण आहेत, म्हणाले, “आजोबा, त्या नव्वद मिनिटांत काय केलंत ते पोरांना शिकवा.” मी त्यांना खरं सांगायचं ठरवलंय, नळापासून कॉर्नरपर्यंत सगळं. तू भित्रा नव्हतास, हे या काठावरच्या कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला हवं. पण त्यासाठी तुझ्या आईचं मरण पुन्हा माझ्या तोंडी येणार, आणि एकदा ते मी तुला न विचारता वापरलंय. म्हणून या खेपेला आधी विचारतो. खाली फोन नंबर लिहिलाय. तू ‘नको’ म्हणालास, तर फळ्यावर चार ठिपके एका रेषेत काढीन, मागे एक काढीन, आणि माझ्याबद्दल अवाक्षर न काढता घरी येईन.

तुझाच, हे लिहायचा हक्क नसताना,
एल्बियो