तीनशे अठरामधला एक

प्रिय बारके,

परवा शेवटचा सामना खेळले आणि हरले. समोरची मुलगी एकोणीस वर्षांची. हात मिळवताना म्हणाली, "लहानपणी तुमचे सामने बघायचे." मला हसूच फुटलं. नंतर स्पर्धेच्या कचेरीतल्या बाईंनी माझ्या सतरा वर्षांच्या टेनिसच्या कारकिर्दीचा कागद छापून दिला. जिंकलेले तीनशे अठरा, हरलेले तीनशे एकेचाळीस. त्याच ओशाळल्या. मी म्हटलं, "अहो, सहाशे एकोणसाठ वेळा कोर्टावर उतरले, ते बघा की!" खरंच सांगते, मला त्या आकड्यांची जराही लाज वाटत नाही. हरल्यावर मी नेहमी पोटभर जेवले, गाढ झोपले आणि सकाळी पुन्हा सरावाला हजर.

एकाच सामन्यापाशी बोट अडलं. अकरा वर्षांपूर्वीचा, आपल्या दोघींचा. कागदावर तो माझा विजय आहे. पहिला सेट तू घेतलास, दुसऱ्यात चार विरुद्ध एक अशी पुढे होतीस. हात तुझाच चांगला, हे बाबाही जाणून होते. मग तुझा घोटा मुरगळला. चार-चारवर तू सामना सोडलास आणि पुन्हा कधी खेळलीच नाहीस. आई रडली, तेव्हा तूच तिची समजूत काढलीस, "ताईला बिचारीला कळलंच नाही गं."

कळलं होतं. तू लंगडतेयस हे मला पहिल्याच पावलाला दिसलं. म्हणूनच मी जाळ्याजवळ अलगद चेंडू टाकत राहिले, तू पुन्हा पुन्हा धावावंस म्हणून. नियमात बसत होतं. पण तू माझी बहीण होतीस, आणि मला फक्त जिंकायचं होतं. दुसरं कारण नाही. शोधायलाही गेले नाही.

हे आज लिहिण्याचं कारण तुझा कालचा निरोप. लेकीला माझ्याच हाताखाली शिकवायचंय म्हणतेस, कारण "तुझ्याइतका भरवसा दुसऱ्या कुणावर नाही." तो भरवसा अर्धवट माहितीवर नको. मी तिला उत्तम शिकवेन, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आता सगळं ऐकून तू ठरव. हो म्हणालीस तर सोमवारी सकाळी सहाला तिला पाठव. नाही म्हणालीस तरी रविवारी मी तुझ्याकडे जेवायला येतेय. ते काही मी विचारत नाहीये.

तुझीच, आणि सगळं कबूल केलेली,
ताई