सिन्नरहून आणलेली जीप

बोरिवली पूर्व,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय विकी,

कसा आहेस? मावशींचे गुडघे काय म्हणतात? कुडाळला थंडी असेल ना आता? इथे पहाटे जरा गारवा असतो, दहा वाजले की पुन्हा घाम. निधी मजेत. तिची बदली मुलुंडच्या शाखेत झालीय, त्यामुळे घरी सकाळी रोज धावपळ.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागदावर लिहितोय. तुमच्या घरचा पत्ता पाठच आहे. आठवीपासून दर मे महिन्यात तिथे फणस खायला यायचो, विसरेन कसा?

मुख्य बातमी ही, की जीप चालू झाली.

त्या अपघातानंतर तीन वर्षं सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी होती. गेल्या महिन्यात सेक्रेटरी म्हणाले, एक तर चालवा, नाहीतर भंगारात द्या. भंगार हा शब्द ऐकला आणि मला सिन्नर आठवलं. त्या शेडमध्ये कोंबड्या सीटवर बसल्या होत्या, स्टिअरिंगला कांद्याच्या माळा लटकत होत्या. मी म्हटलं, चल यार, वेळ फुकट गेला. तू शर्ट काढून खाली सरपटत गेलास, दहा मिनिटांनी बाहेर आलास तेव्हा कपाळाला शेण लागलेलं आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. म्हणालास, "चासी एकदम सरळ आहे रे. छत्तीस वर्षांची म्हातारी, पण पाठीत वाकलेली नाही." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. जीप मी घेतली खरी, पण पसंत तू केलीस.

मग आठ महिने ती तुझ्या कांदिवलीच्या गॅरेजमध्ये. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या, आणि रविवार फक्त तिचा. मी चहा आणायचो आणि पाने पुढे करायचो, तेवढंच माझं योगदान. स्प्रिंगचा एक एक पाटा तू घासून बसवलास. शेवाळी रंग तीनदा काढून पुन्हा मारलास, कारण तो "आर्मीसारखा नको, तळ्यासारखा पाहिजे" होता. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला होता, आठवतं? असं काही करता येणारा माणूस माझा मित्र आहे, याचा मला त्या दिवशी छाती फुगवून मिरवावं एवढा अभिमान वाटला होता.

तर गेल्या महिन्यात मी ती टो करून घाटकोपरला चंद्रप्रकाश मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे आहेत. आयुष्यभर जीपच उघडल्या, दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत. चारही चाकं काढून ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "उभी राहून रबर सुकलंय, ते बदलतो. बाकी हात लावायची गरज नाही. ब्रेक कुणी केलेत?"

मी म्हटलं, मित्राने.

"हे बघ. पाइप कुठे घासू नये म्हणून आतून वळवून नेलाय. कॉटर पिना बघ, सगळ्या एकाच बाजूला दुमडल्यात. कुणाला दिसणार होतं हे? तरी केलंय. कुठे असतो हा माणूस? मला पाहिजे."

"गावी गेला."

"का?"

मी म्हटलं, आई आजारी होती.

विकी, त्या म्हाताऱ्यासमोरसुद्धा मी खोटं बोललो, तेही मावशींचं नाव पुढे करून. ते मान डोलावून पुन्हा चाकाकडे वळले आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथे थांबवेना.

आता लिहितो. तुला माहीतच आहे, पण मी कधी तोंडाने बोललो नाही.

त्या रविवारी बदलापूरच्या पुढच्या बंद खदानीत ब्रेक निकामी झाला नव्हता. तू मला पन्नास वेळा सांगितलं होतंस, उताराला लो गिअर टाक, पाय क्लचवरून काढ आणि गप्प बस. "गाडीक उतरांदे, तू मदी कडमडू नको." उतार डोळ्यांसमोर आला आणि मी घाबरलो. क्लच दाबून धरला. इंजिनाची पकड सुटली, जीप सुसाट खाली गेली, मग मी ब्रेकवर उभाच राहिलो, चाकं खडीवर घसरली आणि ती डाव्या कुशीवर पडली. शेजारी आपल्या जीपवाल्या ग्रुपमधली अपूर्वा होती. तिचं कोपर चिरडलं. सगळे धावत आले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ब्रेकच लागला नाही." ब्रेक तू गुरुवारी केले होतेस. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तू संध्याकाळी आलास. जीप सरळ केलेली होती. तू आत बसून पेडल दाबलंस, सोडलंस, पुन्हा दाबलंस. माझ्याकडे बघितलंस. वाट बघितलीस, मी काही बोलतोय का याची. मी बुटांकडे बघत होतो. ग्रुपमधल्या एकाही माणसाने पुढे तुला गाडी दिली नाही. चार महिन्यांत तू शटर खाली ओढलंस. आणि तरी तू कुणाला काही सांगितलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर चौकात उभा राहून ओरडलो असतो.

काल रविवारी ग्रुपची गाठभेट होती, मुलुंड चेकनाक्यावर, सकाळी साडेसहाला. सगळे आले होते. अपूर्वासुद्धा, तिने आता नवीन गाडी घेतलीय. जीप बघून सगळे झकास, झकास करत भोवती जमले. चहा हातात असतानाच मी सांगून टाकलं. जसं वर लिहिलंय तसंच. अपूर्वाने ग्लास बॉनेटवर ठेवला.

"तीन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, सर्वेश. माझ्या आईने फोन करून त्याला काय काय सुनावलं, माहितीये तुला? तो फक्त सॉरी म्हणत होता."

मला हे माहीत नव्हतं. तू सॉरी म्हणालास, विकी? तू?

"चावी दे," ती म्हणाली. "आणि शेजारी बस."

ती थेट त्याच खदानीत घेऊन गेली. तिचा डावा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. लो गिअरचा लिव्हर टाकताना ती खांद्यातून वाकली. उताराच्या तोंडाशी थांबली, मग दोन्ही पाय पेडलवरून काढून मागे घेतले. जीप घुरघुरत, एक एक दगड चाचपत, बैलासारखी शांतपणे खाली उतरली. खाली पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं.

"एवढंच करायचं होतं?"

"हो."

"काहीच नव्हतं करायचं म्हणजे."

नंतर ती बराच वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत होती. म्हणाली, "काय गाडी केलीय रे त्याने." आणि रडली. मी तिची माफी मागितली. तिने ती दिली नाही, आणि ते बरोबरच आहे.

ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलंय, तुझ्या नावासकट. अपूर्वा येत्या शनिवारी कुडाळला यायला निघतेय, एकटी, तुला भेटायला. तिला दारातून परत पाठवू नकोस. तिचा काही दोष नाही. मी तिच्याबरोबर येत नाहीये. तू बोलावल्याशिवाय त्या घरात यायचा मला हक्क नाही.

पोस्टमन आला की मावशी विचारतील, कुणाचं पत्र. खरं काय ते त्यांना सांग. त्यांनी मला पोरासारखं जेवू घातलंय, त्यांना कळायला हवं.

सर्वेश