काटा मिळणार नाही

लाडके लुडी,

तू हाँगकाँगहून फोनवर बजावलंस, "आई, रोवेनाला मागणी घालायला मनिलाची बडी माणसं येतायत. काचेच्या बश्या काढ, काटेचमचे मांड, नाहीतर माझ्या पोरीचं लग्न मोडेल." मी हो हो म्हटलं आणि शेजारच्या पेपिंगच्या परसातून केळीची पानं कापून आणली. त्याचा कोंबडा मला टोचला, ते वेगळंच.

मुलाची आई पंख्यानं वारा घेत बसली होती. मी तिच्या हातात पान दिलं, त्यावर पान्सितच्या गरम शेवया आणि वरून शिरका.

"काटा कुठाय?" तिनं विचारलं.

"आमच्या लुकबानात पान तोंडाला लावूनच खातात, बाई. काटा मिळणार नाही."

तुझी लेक पांढरीफटक पडली. पण काटे मी काढले नाहीत.

बाईंनी पान उचललं. शेवया नाकाला लागल्या, शिरका हनुवटीवरून ओघळला. तिचा नवरा हसायला लागला तशी ती म्हणाली, "दात काय काढताय, तुम्हीही खा." मग रिकामं पान माझ्यापुढं धरलं. "अजून वाढा, विहीणबाई."

मला विहीणबाई म्हणाली, लुडी.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर फोन करून मला झापशील, आणि मला अजून थोडे दिवस खुशीत राहायचंय. लग्नातसुद्धा पानावरच वाढणार आहे. तू पांढरा झगा तेवढा घालू नकोस, शिरका ओघळेल.

तुझी न ऐकणारी आई,
बसिलिसा