हौदातलं गाणं

क्लो-दे-ग्रीव,
२ ऑक्टोबर १८९६

ती. आईस ओनोरीनचा शि. सा. न. वि. वि.

द्राक्षं खुडून झाली. वाइनचे लाकडी हौद भरलेत. उद्यापासून आमचे हे हौदात उतरून, वर तरंगणारी सालं पायांनी दाबणार. द्राक्षं आंबताना जी हवा साचते ती दिसत नाही, पण तिच्यात माणूस एकदा खाली बसला की उठत नाही. शेजारच्या मळ्यातला फिर्मां गेल्या साली तसाच गेला. मी मामंजींना म्हटलं, आधी मेणबत्ती सोडून बघा, विझली तर उतरू नका. ते म्हणाले, मठातल्या साधूंनी हा मळा लावला तेव्हापासून आम्ही उतरतोय, आता सूनबाई शिकवणार. हेही हसले. मला रडू आलं.

काहीतरी सुचव.

तुझी,
ओनोरीन

बोन,
४ ऑक्टोबर

चि. ओनोरीनीस अनेक आशीर्वाद.

तुझे वडील हौदात उतरायचे तेव्हा माझाही जीव असाच टांगणीला लागायचा. मग मी बजावलं, गात राहा, म्हणजे आहात हे मला कळेल. त्यांना गाणं येईना, तेव्हा ते माझ्या माहेरच्यांचा उद्धार करत बसायचे. तेवढ्याच शिव्या मी आयुष्यात आनंदाने ऐकल्या. जावईबापूंना तर गाण्याची हौस. लग्नात बेसूर गाऊन त्यांनी आम्हाला छळलंच होतं. तू हौदांच्या खोलीच्या दाराशी बस आणि कान देऊन ऐक.

नीट जेवत जा. तुझं पत्र येईपर्यंत मला घास जाणार नाही.

तुझी आई

क्लो-दे-ग्रीव,
७ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

यांचा जीव वाचला, ते आधी लिहिते.

मी दाराशी बसले होते. हे गात होते, नेहमीसारखेच बेसूर. तिसऱ्या कडव्यात आवाज थांबला. मी हाका मारत सुटले. मामंजी यांचं नाव घेत, लाझार, लाझार करत धावले. आम्ही दोघांनी काठावरून वाकून, काखेत हात घालून यांना ओढलं आणि अंगणात आणलं. ओठ निळे पडले होते. मामंजी मातीत बसून रडले. आता मेणबत्ती त्यांनीच आणून ठेवलीय. उद्या दुसरा हौद आहे.

शुद्धीवर आल्यावर हे माझ्यावरच रागावले, गाणं मध्येच का तोडलंस म्हणून. तुम्ही केव्हाच गप्प झाला होतात, म्हटलं, तर पटतच नाही. शपथेवर सांगतात, मी थांबलोच नव्हतो, शेवटच्या कडव्यावर आलो होतो.

लोभ आहे तसाच असू दे, आम्हा दोघांवर.

तुझी,
ओनोरीन