देझबाच्या मागे

४ मार्च
क्लिनिकची गाडी चॅप्टर हाऊसच्या, म्हणजे आमच्या गावसभेच्या हॉलसमोर आली होती. शुगर तपासणाऱ्याला टी-शर्ट फुकट, म्हणून गेलो. नर्स शार्लीनने बोट टोचलं. ६.१. म्हणाली, साडेसहाला डायबेटिस धरतात, अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे. म्हणजे नाही. उंबरठ्यावरच्याला 'आत या' म्हटलं नाही की झालं. टी-शर्ट पोटाला घट्ट. हल्ली कापड हलकं येतं.

५ मार्च
लेक देझबा वयात आली. जूनमध्ये शाळा सुटली की चार दिवसांचा किनाल्दा, आमच्या जमातीत अशा मुलीसाठी करतात तो विधी. रोज पहाटे मुलगी पूर्वेकडे धावणार, बाकी सगळे आरोळ्या ठोकत तिच्या मागून. रोज आदल्या दिवसापेक्षा लांब. जितकी लांब धावेल तितकं आयुष्य दणकट. धावशील ना, म्हणून तिने विचारलं. मी शब्द दिला. काळजी एकच. मुलीच्या पुढे जायचं नसतं, जाणारा लवकर म्हातारा होतो. माझा मूळचा वेग बघता मला स्वतःला आवरावं लागेल.

६ मार्च, पहाटे ५
सरावाला उठलो. वारा होता. झोपलो.

१८ मार्च
शार्लीनचा फोन. हॉलवर आठवड्यातून तीनदा चालण्याचा वर्ग. चौकशी केली तर सासूबाईंनीही नाव घातलेलं. आमच्यात जावयाने सासूचं तोंड बघायचं नसतं. रीत ती रीत. नकार कळवला. बायको अर्लीन म्हणाली, अठरा वर्षं आईच्या टेबलाशी बसून मटणाचा रस्सा ओरपतोस तेव्हा कुणाचं तोंड बघतोस? मी म्हणालो, रश्श्याचं.

२ एप्रिल
आजपासून कोल्ड्रिंक बंद.

३ एप्रिल
बंद म्हणजे दिवसाला एक.

९ एप्रिल
दोन लिटरची बाटलीही एकच धरतात.

२० एप्रिल
तळलेली रोटी सोडली. फक्त रविवारच्या बाजारात दोन. शिवाय कुणी आग्रह केला तर. आमच्याकडचे लोक फार आग्रही.

११ मे
धावायचा रस्ता पिकअपमधून नजरेखाली घातला. दोनदा. खड्डे पाठ झाले. निम्मं धावणं डोक्यातच असतं.

१ जून
पुन्हा तपासणी. ६.३. यंत्र उन्हात ठेवलेलं. शार्लीन म्हणते, उन्हाचा काही संबंध नाही, ते मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगतं. चहाडखोर यंत्र.

१२ जून
किनाल्दा सुरू. पहिली शंभर पावलं अप्रतिम. मग बुटाची नाडी सुटली. बांधेपर्यंत सगळे दिसेनासे. सासूबाईसुद्धा. बासष्ट वर्षांच्या बाईने इतकी घाई करू नये.

१३ जून
आज पेच पडला. मी निम्म्यावरही नव्हतो आणि देझबा टोकाच्या झाडाला वळसा घालून परत येताना दिसली. तिथूनच वळलो असतो तर तिच्या पुढे झालो असतो. म्हणून झुडपामागे बसलो. सगळे गेले. सासूबाई तोंड फिरवून गेल्या. हसत होत्या असं खांद्यांवरून वाटलं. मग मागून रुबाबात पोचलो. अर्लीनने पँटचे काटे काढले.

१४ जून
आज जमलं. जाताना आणि येताना, शेवटपर्यंत देझबाच्या मागे दहा पावलांवर. सराव अंगात मुरायला वेळ लागतो, दुसरं काय. आज कुणी आरोळ्या का ठोकत नव्हतं कळेना. शेवटी अर्लीनने सांगितलं. आज देझबा कालच्या झाडापर्यंतही गेली नाही.

संध्याकाळी देझबा शेजारी येऊन बसली. बराच वेळ बुटातली वाळू झटकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, उद्या तू येऊ नकोस. तू मागे राहतोस, मग मी सारखी थांबते."

बरं म्हणालो. तसाही गुडघा दुखतोय, असंही सांगितलं.

१५ जून
५.२० – निघाले सगळे. मी दारात खुर्ची टाकून बसलोय. आरोळ्या ऐकू येतायत.

५.३५ – आरोळ्या बारीक झाल्या.

५.४० – काहीच ऐकू येत नाही.

६.०५ – अजून परतली नाही. गुडघा दुखत नाहीये, कधीच दुखत नव्हता.

मी बरोबर असतो तर केव्हाच परत आली असती.